पश्चिमेची भिंत: खान्देशातल्या घराला बाहेरून इन्सुलेशन करताना पैसा नेमका कुठे जातो

भुसावळला राहणाऱ्याला ‘मे हीट’ समजावून सांगावी लागत नाही. पण आमच्या घरात दुपारपेक्षा रात्र जास्त अवघड जायची. खालच्या मजल्यावर पश्चिमेकडची खोली आईची, तिचं वय ७८. कूलर चालू, पंखा चालू, तरी रात्री दीडपर्यंत तिचं कूस बदलणं थांबायचं नाही. एकदा साडेदहाच्या सुमाराला मी तिच्या पलंगामागच्या भिंतीला हात लावला, तर भिंत चुलीमागच्या भिंतीसारखी तापलेली. सूर्य मावळून साडेतीन तास झाले होते.

त्यानंतर सहा महिने चौकशीत गेले आणि पुढच्या हिवाळ्यात त्या भिंतीला बाहेरून इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, लावायचं काम झालं. चौकशी करताना प्रत्येक जण वेगळा आकडा सांगायचा आणि त्या आकड्यात काय धरलंय, काय नाही, ते कोणीच सांगायचं नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. खालचे दर मी स्वतः मोजलेल्या पैशांचे आहेत. तुमच्या गावात, तुमच्या वर्षी ते कमीजास्त होतील, पण कोणत्या खात्यावर किती वाटा जातो ते फारसं बदलणार नाही.

१. छत आधी, भिंत नंतर

बैठं घर असेल किंवा तापणारी खोली वरच्या मजल्यावर असेल, तर भिंतीला हात लावण्याआधी गच्चीकडे बघा. मे महिन्यात ऊन सर्वांत जास्त वेळ आणि सर्वांत सरळ पडतं ते स्लॅबवर. स्लॅब काळा पडलेला असताना भिंतीवर लाख रुपये घालणं म्हणजे उघड्या दारासमोर कूलर लावणं.

गच्ची धुऊन चुना किंवा पांढरा उष्णतारोधक रंग लावा आणि एक उन्हाळा बघा. आम्ही हे आधीच केलं होतं. वरच्या खोल्या सुधारल्या, पण आईची खोली खाली. तिच्यावर स्लॅबचं ऊन येतच नव्हतं, तिचा सगळा ताप भिंतीतून होता.

२. कोणती भिंत तापते ते स्वतः मोजा

इथेच तुमचे सर्वांत जास्त पैसे वाचतात. पहिल्या ठेकेदाराने मला चारही भिंतींचा मिळून साडेतीन लाखांचा आकडा दिला होता. चारही भिंती करायची गरज नव्हती, पण तसं त्याने सांगितलं नाही आणि मला तेव्हा कळलं नाही.

जळगाव, भुसावळ साधारण २१ अंश अक्षांशावर आहेत. मेच्या शेवटच्या आठवड्यात इथे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आपली सावली पायाखाली जाते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. एप्रिलच्या मध्यात भर दुपारी दीड फुटाचा छज्जा खालची सात फूट भिंत सावलीत ठेवतो. पूर्वेच्या भिंतीवर सकाळचं ऊन येतं, पण तिला निवायला अख्खी दुपार आणि संध्याकाळ मिळते. पश्चिमेच्या भिंतीवर मात्र दुपारी एकपासून सूर्यास्तापर्यंत तिरपं ऊन सरळ छातीवर येतं आणि तिथे छज्जा काही करू शकत नाही.

नऊ इंची विटेच्या भिंतीतून उष्णता आत पोचायला सहा ते आठ तास लागतात. दुपारी तीनचं ऊन रात्री दहाला आतून बाहेर पडतं. आईची झोप का उडायची, त्याचं उत्तर एवढंच होतं. आपल्या जुन्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छपराच्या) घरांच्या मातीच्या भिंती दोन-दोन फूट जाड असायच्या, त्यामुळे ती उष्णता आत येईपर्यंत पहाट व्हायची आणि तोवर माणसं अंगणात नाहीतर धाब्यावर झोपलेली असायची. आपण भिंती पातळ केल्या आणि दारं लावून आत झोपायला लागलो.

मोजायची पद्धत सोपी आहे. लांबून तापमान दाखवणारी इन्फ्रारेड बंदूक ऑनलाइन हजाराच्या आसपास मिळते. लागोपाठ चार-पाच दिवस दुपारी चारला आणि रात्री दहाला प्रत्येक भिंतीचं आतलं तापमान वहीत लिहा. आमच्याकडे मेमध्ये रात्री दहाला पश्चिमेची भिंत ४१ अंश होती, पूर्वेची ३६, दक्षिणेची ३६. मग मी बाकी तीन भिंतींचा विचार सोडून दिला. रावेर-यावलकडे केळीच्या बागेला पश्चिमेच्या अंगाने शेवरीची नाहीतर गजराज गवताची दाट आड लावतात. झळा कुठून येतात ते शेतकऱ्याला माहीत असतं.

३. भिंतीची तब्येत तपासा

खान्देशात पुष्कळ घरं काळ्या मातीवर उभी आहेत. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि घराला खिडकीच्या कोपऱ्यापासून पायऱ्यांसारख्या तिरप्या भेगा पडतात. भेग हलती असेल तर तिच्यावर लावलेला थरही तिथेच फाटणार. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि पावसाळ्याआधी व नंतर अंतर मोजा. बदलत असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा. इन्सुलेशन हा त्यावरचा इलाज नाही.

मग नाण्याने किंवा हातोडीच्या दांड्याने गिलाव्यावर टकटक करत फिरा. पोकळ वाजेल तिथे खूण करा, तो गिलावा काढून नवा करावा लागेल. बाथरूमच्या मागे ओल असेल तर नळाची गळती आधी काढा. ओली भिंत झाकली की ओल आतल्या बाजूने फुटते.

४. जाडी ठरवा

बाहेरून लावायला आपल्याकडे सहज मिळतो तो थर्माकोल, म्हणजे ईपीएस शीट. एक्सपीएस त्याहून घट्ट, पाणी कमी पिणारा आणि बराच महाग. रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, जळत नाही, पण ते भिजू नये याची काळजी घ्यावी लागते आणि आमच्या बाजूला ते बसवणारे कारागीर मिळाले नाहीत. मी ईपीएस निवडला.

जाडीचा हिशेब मी मांडून बघितला. दोन्हीकडून गिलावा असलेल्या नऊ इंची भिंतीतून जितकी उष्णता येते, त्यातली एक इंचाच्या थराने साधारण ६० टक्के कमी होते. दोन इंचांनी ७५ टक्के. तीन इंचांनी ८२. पहिला इंच सर्वांत जास्त काम करतो, तिसरा फार थोडं. दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर, हे माझ्या मते आपल्याकडच्या भिंतीला योग्य माप. एक इंच का नको, ते पुढच्या हिशेबात दिसेल.

५. खर्च

दुकानदाराने सांगितलं, दोन इंची शीट २६ रुपये फूट. आमची पश्चिमेची भिंत दोन्ही मजले मिळून ६०० चौरस फूट, म्हणजे ६ ब्रास. मी गुणाकार केला आणि घरी सांगितलं, पंधरा-सोळा हजारांत होईल. प्रत्यक्षात असे पैसे गेले:

- बांबूची परांची: ७,२००
- जुना रंग खरवडणं, भेगा भरणं, धुणं: ६,०००
- ईपीएस शीट, तुटफूट धरून ६५० चौरस फूट: १६,९००
- चिकटवायचं सिमेंटी मिश्रण, २० किलोच्या १३ गोण्या: ६,२४०
- शीट भिंतीला पक्की धरणारे छत्रीसारखे प्लास्टिक फास्टनर, ३५० नग: ३,१५०
- फायबर जाळी, २ रोल: ६,०००
- जाळीवरचा बेसकोट (सिमेंटी लेप), १४ गोण्या: ७,८४०
- कोपऱ्याच्या पट्ट्या, खालची सुरुवातीची पट्टी, सीलंट: ५,५००
- प्रायमर आणि बाहेरचा रंग: १०,८००
- मजुरी: २७,०००
- एसीचं बाहेरचं युनिट, ग्रिल आणि पाइप काढून पुन्हा बसवणं: ४,८००
- टेम्पो: ३,५००

एकूण १,०४,९३० रुपये. चौरस फुटाला १७५. यात शीटचा वाटा जेमतेम सहावा हिस्सा. म्हणून सांगतो, शीटचा भाव विचारू नका, तयार भिंतीचा भाव विचारा.

आणि म्हणूनच एक इंची शीट घेऊ नका. तिने माझे आठ-साडेआठ हजार वाचले असते, पण परांची तीच, मजुरी तीच, जाळी तीच, रंग तोच. आठ टक्के खर्च वाचवून पंधरा टक्के उष्णता पदरात घेतली असती. हात आखडायचाच असेल तर भिंतींच्या संख्येत आखडा.

शीट हलकी, पण जागा फार खाते, त्यामुळे टेम्पोचं भाडं वजनावर नाही तर फेऱ्यांवर लागतं. आसपास अजून कोणी काम काढणार असेल तर एकत्र मागवा.

आता वसुलीचं. वरच्या खोलीतला दीड टनाचा एसी रात्रीला ९ युनिट खायचा, आता ५ खातो. उन्हाळ्याचे १०० दिवस धरले तर ४०० युनिट. सगळे आकार मिळून युनिटला १२ रुपये धरले तर वर्षाला ४,८००. या हिशेबाने पैसे फिटायला बावीस वर्षं लागतील. नुसतं वीजबिल कमी करायचं असेल तर हे काम करू नका, आठव्या पायरीवर जा. घरात म्हातारं माणूस, लहान बाळ किंवा आजारी माणूस पश्चिमेच्या खोलीत असेल तर मात्र हा खर्च बिलाच्या तागडीत तोलण्यासारखा नाही.

६. कोटेशन आणि कागदपत्रं

थराने भिंत बाहेर अडीच ते तीन इंच सरकते. पश्चिमेची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीला किंवा गल्लीला लागून असेल तर काम सुरू करण्याआधी शेजाऱ्याची लेखी संमती घ्या आणि नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विचारून घ्या. फ्लॅट असेल तर बाहेरची भिंत सोसायटीची, तिचा ठराव आणि परवानगी लागेल.

जवळ ठेवा: मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, मंजूर नकाशा, घरपट्टीची पावती (कर्ज काढणार असाल तर बँक हे मागतेच), किमान तीन लेखी कोटेशनं, जीएसटीचं पक्कं बिल, शीटच्या घनतेचं आणि आगरोधक दर्जाचं कंपनीचं प्रमाणपत्र, कामाच्या हमीचं सहीशिक्क्याचं पत्र.

कोटेशनमध्ये वरची बाराही खाती वेगवेगळी लिहून मागा. ‘फूटभर रेट, सगळं आलं त्यात’ असं म्हणणाऱ्याने माझ्या बाबतीत जाळी, फास्टनर आणि परांची धरलीच नव्हती. खिडक्यांचं क्षेत्र वजा करणार की नाही, तेही आधी लिहून घ्या. आणि सगळे पैसे आगाऊ देऊ नका. मी माल आल्यावर ४० टक्के, जाळी बसल्यावर ३०, रंगानंतर २० दिले आणि शेवटचे १० पहिला पाऊस पडून गेल्यावर दिले.

७. काम चालू असताना जातीने उभं राहा

आमच्याकडचे गवंडी गिलाव्यात तयार आहेत, पण हे काम बहुतेकांनी केलेलं नसतं. त्यांना कमी लेखू नका. आधी दहा बाय दहा फुटांचा तुकडा करून घ्या, तो नीट झाला की पुढे जाऊ द्या.

*शीट तोलून घ्या.* घनमीटरला २० किलो घनतेच्या, एक मीटर बाय अर्धा मीटर, ५० मिलिमीटर जाड शीटचं वजन ५०० ग्रॅम भरलं पाहिजे. टीव्हीच्या खोक्यातला पॅकिंगचा थर्माकोल याच मापात बराच हलका भरतो आणि दिसायला तसाच असतो. मी किराणा दुकानातला काटा आणून प्रत्येक गठ्ठ्यातली एक शीट तोलली. दोन गठ्ठे परत गेले.

*आगीची चाचणी.* एक लहान तुकडा मोकळ्या जागेत चिमट्यात धरून पेटवा. ज्योत बाजूला केल्यावर तो विझला पाहिजे. जळत राहिला तर माल परत करा. ईपीएस कुठेही उघडा ठेवायचा नाही, आणि मीटरच्या पेटीजवळ किंवा गॅसच्या पाइपजवळ तो लावूच नका, तिथे साधा गिलावा राहू द्या.

*जमिनीपासून एक फूट सोडा.* थर जोत्याच्या वर, पट्टी बसवून सुरू करा. थर्माकोलमध्ये वाळवी आणि मुंग्या घर करतात, पावसाचं उडतं पाणीही तिथेच लागतं. खालची कड जाळीने वळवून बंद करा.

*चिकटवताना कडेने पूर्ण गोल आणि मध्ये तीन गोळे.* नुसते पाच गोळे टाकून शीट दाबली की मागे पोकळी राहते, तिच्यातून हवा आणि मुंग्या फिरतात. शीट विटांसारख्या सांधे मोडून लावायच्या. खिडकीच्या कोपऱ्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, तिथे अख्खी शीट काटकोनात कापून बसवायची.

*फास्टनर विटेत गेला पाहिजे.* शीट ५० मिलिमीटर, त्यामागे मिश्रण आणि जुना गिलावा मिळून ३०, म्हणजे १२० मिलिमीटरचा फास्टनर लागतो. ९० चा स्वस्त पडतो, पण विटेत जेमतेम सेंटिमीटरभरच जातो.

*जाळी बेसकोटच्या पोटात.* आधी ओला बेसकोट, त्यात जाळी दाबायची, मग वरून दुसरा हात. कोरड्या शीटवर जाळी ठोकून वरून लेप दिला की वर्षभरात पोपडे. दोन पट्ट्यांचा जोड चार इंच एकमेकींवर हवा. प्रत्येक खिडकीच्या चारही कोपऱ्यांवर तिरपा जादा तुकडा लावा, पहिली भेग तिथेच जाते. आणि जाळी सिमेंटच्या क्षाराला टिकणारी घ्या, साधी फायबरची जाळी सिमेंट खाऊन टाकतं.

*थिनर, पेट्रोल, ऑइल पेंट जवळ आणू नका.* थर्माकोल त्यात विरघळतो. रंगही फिकाच हवा. सध्या गडद मरून आणि करड्या टेक्श्चरची चलती आहे, पण आपल्या उन्हात गडद भिंतीचा पृष्ठभाग इतका तापतो की खालचा थर मऊ पडून फुगे येऊ शकतात.

*खिडकीखालची पट्टी.* भिंत पुढे आल्यामुळे खिडकीखालचा कडप्पा आत पडतो आणि पावसाचं पाणी सरळ थराच्या मागे उतरतं. कडप्पा बदलून थराच्या पुढे इंचभर काढा आणि त्याच्या खालच्या बाजूला पाणी तुटण्यासाठी खाच पाडून घ्या. आमच्याकडे एका खिडकीला हे राहून गेलं होतं, जूनच्या पहिल्या सरीत आत ओल दिसली.

*कपड्याच्या दोऱ्या, डिश, कुंड्यांचे हुक* कुठे हवेत ते आधीच ठरवा, तिथे थराच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवून घ्या. नंतर थरात खिळा ठोकलेला टिकत नाही.

काम दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीपर्यंत संपवा. पश्चिमेच्या भिंतीवर सकाळी काम करायचं, कारण दुपारी साडेबारापर्यंत ती सावलीत असते. एप्रिलच्या दुपारी लावलेला बेसकोट तासाभरात वाळून तडकतो.

८. एवढे पैसे नसतील, किंवा घर नवं बांधत असाल

पैसे कमी असतील तर उन्हाला भिंतीपर्यंत येऊच देऊ नका. भिंतीपासून दोन फूट अंतरावर बांबूची चौकट करून शेडनेट बांधा. जळगाव जिल्ह्यात रोपवाटिकांमुळे हे कापड कुठल्याही कृषी केंद्रात मिळतं, ७५ टक्के सावलीचं घ्या. मधुमालतीचा किंवा गुळवेलीचा मांडव झाला तर आणखी चांगलं. जागा असेल तर कडुनिंब लावा, पण काळ्या मातीत भिंतीच्या अगदी जवळ नको, मुळं पाणी ओढतात आणि पायाखालची माती आकसते. भिंत नुसती पांढरी केली तरी हाताला फरक कळतो. भाड्याच्या घरात आतून थर लावायचा मोह होईल. खोली लहान होते, वीट तापतच राहते आणि कूलरच्या दमट हवेने थरामागे बुरशी धरते, म्हणून तो मी सुचवणार नाही.

नवं घर बांधत असाल तर हे सगळं जवळपास फुकटात टळतं. पश्चिमेला झोपायची खोली नको, जिना, मोरी, कोठी तिकडे टाका. त्या बाजूची भिंत आठ इंची एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) किंवा मध्ये दोन इंच पोकळी ठेवून दुहेरी करा. केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सीची इको निवास संहिता, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीची नियमावली, २०१८ पासून आहे. तिच्या २०१८ च्या आवृत्तीत भिंती-खिडक्यांतून घरात येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरला १५ वॉटची मर्यादा घातलेली आहे. आर्किटेक्टला हा आकडा काढून दाखवायला सांगा. जुन्या घराच्या बाहेर मात्र एएसी ब्लॉकची नवी भिंत रचू नका, तिला स्वतंत्र पाया लागतो.

९. काम झाल्यावर

बंदूक पुन्हा बाहेर काढा आणि त्याच वेळांना मोजा. यंदा मेमध्ये आईच्या खोलीची भिंत रात्री दहाला ३५ अंश होती. पण थर लावला म्हणून खिडक्या दिवसभर उघड्या ठेवल्या तर आतली हवा तापून वीटही तापते, आणि मग थरामुळे ती निवतही नाही. सकाळी आठला खिडक्या बंद, कूलरपुरती फट, रात्री उशिरा सगळ्या उघड्या. हे आम्हाला पहिल्या पंधरवड्यात कळलं नव्हतं आणि तोवर फरक निम्माच जाणवत होता. हिवाळ्यातही थर उपयोगी पडतो. धुळ्याकडे पारा ६ अंशांपर्यंत उतरतो तेव्हा भिंत आतून गारठत नाही.

दर पावसाळ्यानंतर खिडक्यांचे कोपरे, खालची कड आणि एसीच्या पाइपभोवतीचं सीलंट बघा. केसाएवढी भेग दिसली तर लगेच भरा. माझ्या वहीत पुढची तपासणी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी लिहिलेली आहे. आई आता अकराच्या आत झोपते.